शिंजिरासाठी बाटली नको, जास्वंद ठेवा



न्यू जर्सीच्या भाचीनं फोनवर विचारलं, "मावशी, तुझ्यासाठी हमिंगबर्डची लाल बाटली पाठवू का?" तिच्याकडे मागच्या अंगणात ती टांगली की जेमतेम तीन ग्रॅमचा पक्षी हवेत थांबून साखरपाणी पितो. तिला म्हटलं, अगं, हमिंगबर्ड अमेरिका सोडून कुठेच नाही. आपल्या चंद्रपुरात आहे तो शिंजीर. विणीच्या दिवसांत नर काळा दिसतो आणि ऊन पडलं की जांभळा-निळा चमकतो. मादी वरून मातकट, पोटाखाली पिवळी. फुलापाशी तोही क्षणभर फडफडत थांबतो, पण त्याला फांदीवर बसून चोच घालणंच आवडतं.

तशा बाटल्या आता इथेही ऑनलाइन मिळतात आणि मंडळातल्या दोघींनी विचारलं, म्हणून हे लिहिते.

तिकडचा नियम असा: चार वाट्या पाण्याला एक वाटी साखर, रंग नाही, मध तर मुळीच नाही. मधाच्या पाण्याला लवकर बुरशी धरते आणि पक्षी आजारी पडतो. आपल्या मूलगुणांत मद्य-मांस-मधु यांचा त्याग आहेच, त्यामुळे मधाचा प्रश्नच नव्हता. पण साखरपाण्याचं काय? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 46-47 वर जातो. सकाळी भरलेलं पाणी किती वेळ चांगलं राहणार? आंबलं की ते मद्याच्याच वाटेवर. शिवाय मुंग्या. त्यांना अडवायला दोरीला तेल फासा म्हणतात, म्हणजे त्यात चिकटून मरणार. नाही फासलं तर पाण्यात बुडणार. एका पक्ष्याला पाजण्यासाठी एवढे जीव घालवायचे, याला जीवदया म्हणायला माझी जीभ वळत नाही.

सासूबाईंनी शंका काढली, "पण तो कोळी खातो ना गं?" खातो. पिल्लांनाही किडे-कोळीच भरवतो. तो त्याचा स्वभाव. बाटली लावली तर मुंग्या मात्र आपल्यामुळे मरतील.

खरं तर त्याची सोय जंगलानंच केलेली आहे. फाल्गुनात गडचिरोलीच्या रस्त्याला निघालात तर पेटलेल्या पळसाखाली गाडी थांबवून बघा. शिंजीर फुलात चोच खुपसतो, कपाळाला पराग लागतो, तो घेऊन दुसऱ्या झाडावर जातो. पळसाला शेंग धरते त्यात त्याचाही हात असतो. बाटलीतून पिऊन कुठल्या झाडाला शेंग धरणार?

अंगणात लाल जास्वंद लावा, साधी एकेरी. आमच्याकडे पूजेला फूल तोडत नाहीत, केशरात रंगवलेले तांदूळच पुष्प म्हणून वाहतात, त्यामुळे सगळी फुलं झाडावरच राहतात. जास्वंदीत तो लबाडी करतो, देठाजवळ भोक पाडून मध चोरतो. चोरू द्या. जागा असेल तर हमेलियाही लावा, नर्सरीत मिळतो. गंमत म्हणजे हे झाड मूळचं हमिंगबर्डच्याच मुलखातलं, पण आपल्या शिंजिराला कुणी ते सांगितलेलं नाही. झाडांवर औषध मात्र फवारू नका. गाळलेल्या पाण्याचं उथळ मातीचं भांडं सावलीत ठेवा आणि संध्याकाळी रिकामं करून पालथं घाला, म्हणजे डासांच्या अळ्या होत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिंजिराचं घरटं घरट्यासारखं दिसतच नाही. गवत, कापूस, सालीचे तुकडे, सगळं कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेलं. तारेला किंवा वेलीला लोंबणारं जळमट वाटतं. मादी एकटी ते बांधते आणि एकटीच साधारण दोन आठवडे अंडी उबवते. नेमकी त्याच दिवसांत आपली पाडव्याची, महावीर जयंतीची साफसफाई येते. जळमट काढायच्या आधी जरा लांब उभं राहून दहा मिनिटं बघा. बाजूला छोटं दार आणि दारावर पडवीसारखा छज्जा दिसला तर झाडू खाली ठेवा. कामवाल्या ताईंनाही सांगून ठेवा, कारण बहुतेक घरी झाडू त्यांच्याच हातात असतो.

आमच्या मागच्या व्हरांड्यात कपडे वाळवायच्या तारेवर सध्या एक आहे. कपडे गच्चीवर जातात, आणि तो कोपरा अजून तसाच आहे.