कॅसेटची 'बी' बाजू

आमच्या चिपळूणच्या घरात बोलणं भरपूर, पण मनातलं कुणी सरळ बोलायचं नाही. आई रुसली की दारची रांगोळी चार ठिपक्यांत आटपायची. एरवी पंधरा ठिपके, पंधरा ओळी. अण्णांना चूक कळलेली असायची, पण कबूल करतील तर ते अण्णा कसले! रेडिओवर 'आपली आवड' लागलं आणि तिचं एखादं लाडकं गाणं आलं, की ते उठून आवाज वाढवायचे. आतली भांड्यांची आदळआपट थांबायची. मिटलं.

रेडिओचं वेड आजीपासूनचं. १९५५ साली ती पुण्याला भावाकडे असताना आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांची चाल, आठवड्याला नवं गाणं, एकूण ५६. लोक रेडिओला हार घालायचे, हे ती आम्हाला दर रामनवमीला नव्यानं सांगायची.

चित्रांचं खूळ दादाचं. 'दीपावली'च्या जुन्या अंकावरचं दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ त्यानं चौकोन आखून उतरवलं. अंक लायब्ररीचा, त्यावर पेन्सिलीच्या रेघा! मार बसला, चित्र मात्र माजघरात लागलं.

काका मस्कतला गेले आणि या सगळ्याची खरी गरज पडली. एरोग्रामवर जागा ती केवढी! काकू चार ओळी लिहून थांबायची. मग धाकटीचा पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, आणि गुदगुल्या होऊन धाकटी हात हलवायची, त्यामुळे करंगळी कायम वाकडी. एकदा उलट टपालानं काकांचाही पंजा आला. धाकटी रोज त्यावर आपला हात ठेवून बघायची, किती उरलं ते.

पुढे काकांनी टू-इन-वन आणला, साठ मिनिटांच्या कॅसेटी आणल्या. ते परत गेल्यावर कॅसेट भरायचं ठरलं. लाल बटण दाबलं आणि सगळे गप्प. अण्णा सभेत बोलावं तसे बोलले, दादानं पेटीवर भूप वाजवला. आजी म्हणाली, "डब्याशी काय बोलू मी?" शेवटी तिला जात्यापाशी बसवलं. दळता दळता तिनं ओव्या म्हटल्या, मधेच खोकली, मूठभर तांदूळ टाकले, पुन्हा सुरू. लेकाचं नाव ओवीत आलं तेव्हा काकू उठून परसात गेली.

काका रजेवर आले तेव्हा कॅसेटही परत आली. वर कुणी काही भरू नये म्हणून काकूनं तिच्या मागच्या दोन्ही चकत्या मोडल्या. तरी एका आतेभावानं त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबून सिनेमाची गाणी भरलीच. तोवर आजी गेली होती.

'बी' बाजूला मात्र त्याची गाणी थोडी कमी पडली. शेवटचं गाणं अर्ध्यात तुटतं, खट्ट होतं आणि जात्याची घरघर सुरू होते. दोन-अडीच मिनिटं. काकू गाणी ऐकायचीच नाही. कॅसेटच्या दात्यात पेन्सिल घालून तेवढी फीत पुढे गुंडाळून घ्यायची, मग बटण दाबायची.