हिरवी वायर, काळी वायर

वळवाचा गडगडाट, दिवे क्षणभर लख्ख, आणि टेबलाखालचा कॉम्प्युटर गप्प. बटण दाबलं तरी ढिम्म. एकेक भाग निवडून स्वतः जोडलेला. भांडायला कंपनीच नाही, तेही बरंच!

पहिला संशय पॉवर सप्लायवर. सगळ्या वायरी सोडवल्या. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला पेपरक्लिपने जोडली, की मदरबोर्डाशिवायही तो सुरू व्हायला हवा. पंख्याने अर्धी गिरकी घेतली, थांबला. मल्टिमीटर लावला. जांभळ्या वायरीवर एरवीही ५ व्होल्ट असतात; इथे जेमतेम २. म्हणजे पाणी इथंच मुरतंय. उघडून बघायचा मोह आवरला. आतल्या मोठ्या कपॅसिटरात प्लग काढल्यावरही ३०० व्होल्ट दबा धरून असू शकतात.

मित्राचा सप्लाय उसना आणला. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, ही १२.०८. ग्राफिक्स कार्ड काढलं, रॅमची एकच पट्टी ठेवली. बोर्डावरचा लाल दिवा लागला, विझला, आणि स्क्रीनवर बायोस!

हार्ड डिस्क अजून जोडलेली नाही. सगळे फोटो तिच्यातच. आज धीर होत नाही. शिवाय बाहेर पुन्हा गडगडतंय.