पोटातला थर

आमच्या पेठ गावाची बर्फाशी ओळख बाजारातल्या गोळेवाल्यापुरती. तेव्हा बर्फाखाली माणसे गाडली जातात, हे वर्गात सांगताना पोरे खुदकन हसली तर त्यांचा दोष म्हणता येत नाही. मलाही ते भय पुस्तकीच होते. पण माझा एक जुना विद्यार्थी पलटणीत आहे. दोन हिवाळे काश्मीरच्या पहाडांत काढून तो आषाढात सुट्टीवर आला आणि त्याने माझीच शिकवणी घेतली.

"गुरुजी, बर्फ वरून बघून कळत नाही," तो म्हणाला. हिवाळ्याच्या आरंभी पातळ बर्फ पडतो. मग निरभ्र, कडाक्याच्या रात्री येतात. जमिनीकडची ऊब वाफ होऊन वर सरकते आणि तळाचा बर्फ साखरेसारखा रवाळ होतो. दाणा दाण्याला धरत नाही. त्यावर पुढे पुरुषभर बर्फ साचतो. दिसायला सगळे शुभ्र, भक्कम. पोटात मात्र ती साखर! ३० ते ४५ अंशांच्या उतारावर मग माणसाचे पाऊलही निमित्ताला पुरते.

म्हणून हे लोक खड्डा खणतात. त्याच्या भिंतीत आधी मूठ दाबून पाहायची, मग चार बोटे, मग एक, मग पेन्सिल, शेवटी सुरी. टणक थराखाली मूठ सहज शिरली की संशय घ्यावा. मग वीतसव्वा वीत रुंदीचा खांब कापून त्यावर फावडे आडवे ठेवायचे आणि मनगटातून दहा थापा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. पहिल्या काही थापांतच वरचा भाग सपकन घसरला, तर मागे फिरायचे.

"आणि तो उतार पुढे घसरलाच नाही तर?"

"तर सोबतचे हसतात, गुरुजी. मागे फिरलेल्याजवळ पुरावा कुठला?"

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे काश्मीर नव्हते. आंबेगाव तालुक्यातले माळीण होते. ३० जुलै २०१४ रोजी तिथे एस.टी. घेऊन गेलेल्या चालकाला गावच दिसले नाही. १५१ माणसे गेली. मग २०२१ साली महाड तालुक्यातले तळीये, २०२३ साली खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. आपला सह्याद्री लाव्ह्याचे थरावर थर बसून झालेला. वरचा खडक ऊनपावसाने कुजून मुरूम-माती होते. खाली काळा पाषाण तसाच घट्ट. संततधारेचे पाणी मातीतून उतरते, पाषाणाशी अडून तुंबते, आतून दाब वाढतो आणि मातीची पकड सुटते. बर्फाचा कच्चा थर ओझ्याने मोडतो, आमचा पाण्याने. उपमा याहून ताणू नये.

आमच्या शाळेतली काही मुले डोंगराखालच्या एका पाड्यावरून येतात. वर भेग पडलीय, असे ती सांगू लागली, तेव्हा आम्ही दोघे कुदळ घेऊन गेलो. पाड्यावरचे एक म्हातारबाबा आमचा खड्डा बराच वेळ बघत राहिले.

"कशाला खणता, गुरुजी? तो सादडा बघा, औंदा कसा कलंडलाय. आन् झरा दोन दिस गढूळ येतोय. आधी असा नव्हता."

शिपाईगडी कुदळ टाकून उभा राहिला. "बाबा, मग तुम्ही इथं झोपता कसे?"

"बैल कुठं न्यायचे?"

खरे अडले होते ते इथे. थराची परीक्षा त्यांची केव्हाच झाली होती. बैल, नागलीचे बी आणि कोंबड्या यांचा प्रश्न कोणी सोडवला नव्हता. संध्याकाळी पावसाने जोर धरला आणि माळावरच्या शाळेत सारा पाडा आला. पडवीत सात बैल बांधले. फळ्यावरचा सुविचार एका गोऱ्ह्याने चाटून साफ केला. मला तो फारसा आवडत नव्हताच.

सकाळी डोंगर जागच्या जागी. दोन तरणी पोरे माझ्याकडे बघून हसली. म्हातारबाबा झऱ्यावर जाऊन आले. तांब्यातले पाणी त्यांनी मला दाखवले. चहासारखे तांबडे.

"मंग आज रातीला?"

मी शाळेची किल्ली त्यांच्याच हातात दिली.