भरताशेजारी कार्मेनेर

जाळावर भाजलेल्या हिरव्या मिरचीचा वास मी कुठेही ओळखेन. जळगावजवळच्या आसोदा-बामणोदच्या पट्ट्यात थंडी पडली की भरताचे बेत ठरायचे. पांढरट रेषांची मोठी हिरवी वांगी शेतातच पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची. लाकडी बडगीत आधी भाजलेल्या मिरच्या आणि लसूण ठेचायचा, मग त्यात सोललेली वांगी पडायची. वरून सढळ तेलाची फोडणी, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा घरातल्याच कुणाचा तरी सत्कार झाल्यासारखा आनंद मला झाला.

नोकरीची सुरुवातीची वर्षं धुळ्यात गेली. तिथे रोजची शेवभाजी होती. काळ्या मसाल्याची, वर तर्री आलेली. पण हिवाळ्यात खोलीच्या खिडकीतून कुणाकडच्या तरी मिरच्या भाजल्याचा वास आला की जेवणात लक्ष लागत नसे.

आमच्या घरात दारूचं नाव निघत नसे. वाइनची ओळख झाली ती पन्नाशी उलटल्यावर, मुलगी पुण्याला स्थायिक झाली तेव्हा. चिलीची कार्मेनेर जातीची लाल वाइन तिने पेल्यात ओतली आणि म्हणाली, "पप्पा, पिऊ नका लगेच. आधी नुसता वास घ्या." जांभळासारखं काहीतरी येईल अशी अपेक्षा होती. आली ती भाजलेली हिरवी मिरची, मागोमाग थोडा धूर. सात समुद्रांपलीकडच्या बाटलीतून आसोद्याचं शेत समोर यावं, याचं मला आजही नवल वाटतं.

कारण नंतर समजलं. मिरचीच्या त्या हिरव्या वासामागे पायराझिन गटातली द्रव्यं असतात आणि तीच कार्मेनेरच्या द्राक्षातही असतात. एक लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम असली तरी माणसाच्या नाकाला ती कळतात. द्राक्ष उन्हात पिकत जातं तशी ती कमी होतात. पण कार्मेनेर पिकतं उशिरा, त्यामुळे त्यांचा अंश बहुतेकदा मागे राहतो.

या द्राक्षाची कहाणीही मनाला लागणारी आहे. ते मूळचं फ्रान्समधल्या बोर्दोचं. १८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीने तिथल्या वेली मुळासकट संपवल्या आणि कार्मेनेर तिथून जवळजवळ नाहीसं झालं. त्याआधीच काही वेली चिलीला गेल्या होत्या. ती कीड तिथे पोचलीच नाही. पुढे शंभराहून अधिक वर्षं या वेली मर्लो समजूनच वाढवल्या गेल्या, त्यांची द्राक्षं तोडली, गाळली गेली. १९९४ साली ज्याँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने चिलीतल्या मळ्यात त्यांना ओळखलं. इतका काळ दुसऱ्याच्या नावावर जगलेल्या त्या वेलीबद्दल मला माया वाटते.

या वाइनबरोबर भाजलेलं मटण खावं, असं जाणकार सांगतात. मी भरीतच पुढे ठेवतो. लाल वाइनमधलं टॅनिन जीभ कोरडी, तुरट करतं. भरताचं तेल आणि दाण्यांचा स्निग्धपणा ते मऊ करतात. कळण्याच्या भाकरीचा उडदाचा कडसरपणा त्या तुरटपणाला सांभाळून घेतो. धुराला धूर मिळतो. शिवाय वांगं इथलं असलं तरी मिरची आणि भुईमूग अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आलेले, त्यातला भुईमूग तर थेट दक्षिण अमेरिकेतला. ताटात तो खंड आधीपासूनच होता.

शेवभाजीशी मात्र या वाइनचं जमत नाही. मद्यार्काने तिखटाची आग वाढते, आणि तर्रीच्या घासावर घोट घेतला की ना मसाल्याची चव उरते ना वाइनची. धुळ्याच्या शेवभाजीला ताकच बरं.

आणखी एक सांगायला हवं. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा थंड मुलखाचा नियम आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि डिसेंबरातली दुपारही ऊबदार असते. म्हणून बाटली आधी काही वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. सोळा-सतरा अंशांना तो मिरचीचा वास स्वच्छ येतो. भरतातल्या मिरच्या मी कमी करत नाही. तेल तेवढं थोडं वाढवतो.