न्हाणीघराचा आराखडा

घर बांधतांना देवघराची दिशा, ओटीची लांबीरुंदी आणि स्वयंपाकघरांतील उजेड यांविषयीं जितका खल होतो, त्याचा दहावा हिस्साही न्हाणीघराच्या वांट्यास येत नाहीं. उरल्यासुरल्या कोपऱ्यांत तें बसवावें आणि भिंतीस मोरीचें भोंक ठेवावें, कीं काम संपलें! परंतु जेथें घरांतील प्रत्येकाचा पाय रोज ओल्या फरशीवर पडतो आणि जेथून निघालेलें पाणी अखेर कोठें तरी मुरतेंच, त्या जागेचा विचार इतका शेवटीं करणें शहाणपणाचें आहे काय?

रत्नागिरीस मांडवीच्या बाजूला आमचें जुनें घर आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, वर कौलें, आणि मागील दारीं विहिरीच्या वाटेवर न्हाणी. चुलीवर तांब्याचा हंडा, जळणास झावळ्या व नारळाचीं सोडणें. स्नानाचें पाणी दगडी पाटानें अळूच्या वाफ्यांत जाई आणि पुढें केळींच्या बुंध्याशीं मुरे. संडास त्याहूनही दूर, परसाच्या टोकाला. ही रचना अडाणी होती असें आम्ही म्हणणार नाहीं. तथापि आमच्या मातोश्रींचें वय आतां ८२ आहे, आणि आषाढांतील मध्यरात्रीं शेवाळलेल्या पायऱ्यांवरून त्यांना हात धरून नेतांना धरणाऱ्याचाही जीव टांगणीला लागतो. म्हणून त्यांच्या खोलीस लागूनच न्हाणीघर व संडास करावयाचें आम्हीं ठरविलें.

ठरतांच घरांत चर्चा सुरू झाली, ती फरशीच्या रंगाची. कोणास निळी आवडली, कोणास संगमरवरासारखी. आमचें म्हणणें एवढेंच पडलें कीं, आराखड्याचा आरंभ मोरीच्या तोंडापासून व्हावा. आधीं पाणी कोठें जाणार तें सांगा; मग तें कोणत्या रंगावरून वाहणार तें ठरवूं.

हा आग्रह उगाच नव्हे. कोंकणचा जांभा सच्छिद्र. त्यांतून पाणी झपाट्यानें झिरपतें. रत्नागिरीस वर्षाकांठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि भर पावसाळ्यांत विहिरी कांठोकांठ येतात. अशा वेळीं मैल्याचा शोषखड्डा जवळ असला, तर खड्ड्यांतलें आणि विहिरींतलें पाणी एक व्हावयास वेळ लागत नाहीं. उलट उन्हाळ्यांत ह्याच विहिरी तळ गांठतात, आणि किनाऱ्यालगतच्या कित्येकींचें पाणी मचूळ होतें. जें गोडें पाणी हातीं राहतें, तें आपणच नासवावें काय? शिवाय जमिनीखालील झरे कुंपण पाहत नाहींत. शेजाऱ्याची विहीरही त्यांच्यावरच अवलंबून. म्हणून मैल्यासाठीं तळासकट पक्की बांधलेली टांकी, तिच्यांतून निघणारें पाणी विहिरीपासून निदान ६० फुटांवर मुरेल अशी योजना, आणि स्नानाचें पाणी मात्र निराळ्या नळीनें पूर्वींप्रमाणेंच केळींकडे, असें आम्हीं सुचविलें.

मोजून पाहतां ही अट पाळणारी एकच जागा निघाली, ती पुढील अंगणांत, फाटकाजवळ, तुळशीवृंदावनापासून दहा-बारा पावलांवर! येथें मात्र घर दुभंगलें. काकांना तें मुळींच रुचेना. मैला मागील दारीं असावा, हा पिढ्यानुपिढ्यांचा संकेत. परंतु त्या संकेताच्या मुळाशीं केवळ शुद्धाशुद्ध नव्हतें. मैला उचलून नेणारा मनुष्य कोणाच्या दृष्टीस पडूं नये, हेंही होतें. ह्याच रत्नागिरीच्या तुरुंगांत १९३२ सालीं अप्पासाहेब पटवर्धन ह्यांनीं भंगीकाम स्वतःस मिळावें अशी मागणी केली, ती नाकारली जातांच उपोषणाचा मार्ग धरला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठीं येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनीं उपवास आरंभिला. पुढें मनुष्यास मैला वाहावा लागूं नये अशा संडासांच्या रचनेचा अप्पांनीं ध्यास घेतला. आतां २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून माणसास टांकींत उतरविणें हा गुन्हाच ठरविला आहे. मग ज्या टांकीपर्यंत उपसणाऱ्या गाडीची नळी पोंचत नाहीं, ती बांधणें म्हणजे उद्यां कोणा गरिबास आंत उतरविण्याची आजच तयारी करणें होय. आमच्या परसांत गाडी शिरत नाहीं. फाटकाशीं ती सहज उभी राहते. मातोश्रींची खोली ओटीलगत असल्यानें नळीस उतारही सोयीचा मिळत होता. हें सर्व ऐकून मातोश्री म्हणाल्या, "तुळस आहे तेथेंच राहूं दे, आणि टांकीही होऊं दे. विहीर बाटण्यापेक्षां हें बरें." काकांनीं पुन्हा विषय काढला नाहीं.

एवढें ठरल्यावर आंतील गोष्टी सोप्या झाल्या. फरशी खरबरीत, तिला पांच फुटांस एक इंच उतार, आणि दारांत उंबरा नाहीं. दार ३ फूट रुंद व बाहेर उघडणारें; कारण आंत कोणी पडल्यास आंत उघडणारें दार त्याच्याच देहानें अडतें. कडी बाहेरूनही काढतां येईल अशी. संडासाशेजारीं व नळापाशीं धरावयास भिंतींत पक्के दांडे. समुद्राचा खारा वारा लोखंड खातो, म्हणून नळ्या प्लास्टिकच्या, तोट्या पितळी, व दांडे उत्तम प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. फरशी बसविण्यापूर्वीं जमिनीवर दोन दिवस पाणी तुंबवून ठेवावयाचें, लगतच्या भिंतीस ओल येत नाहीं ना तें पहावयाचें, आणि मगच गवंड्यास पुढचें काम सांगावयाचें. निळी कीं पांढरी हा वाद अद्याप चालूच आहे. त्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

ज्या वाचकांच्या मनांत असें काम काढावयाचें असेल, त्यांस आमची एवढीच विनंती आहे कीं, दुकानांत जाण्यापूर्वीं त्यांनीं तीन अंतरें मोजावीं: म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंतचें, टांकीपासून विहिरीपर्यंतचें, आणि टांकीपासून रस्त्यापर्यंतचें. पहिलें कमी असावें, दुसरें जास्त असावें, आणि तिसरें गाडीच्या नळीच्या आटोक्यांत असावें. ह्या मोजणीस एक दोरी व एक सकाळ पुरते.