मिसिसिपीकाठची गावकीची रेल्वे

न्यू ऑर्लिन्समध्ये नदी बघायला चक्क जिना चढावा लागतो! जॅक्सन चौकातलं तीन मनोऱ्यांचं कॅथीड्रल पाठीमागे टाकून बांधावर आलो, तर मिसिसिपीच्या आधी आडवी आली मालगाडी. खाली खेचरांच्या बग्ग्या, हवेत तळणीचा आणि चिकरी घातलेल्या कॉफीचा वास, धक्क्यावर 'नॅचेझ' आगबोटीचा वाफेवर वाजणारा बाजा. आणि या जत्रेतून घंटा ठणठणावत इंजिन निघालंय, अगदी माणसाच्या चालीनं! मागे टाक्या, बंद वाघिणी, पुन्हा टाक्या. शेपूट काही संपत नाही. पलीकडच्या रुळांवरून लालभडक ट्राम सुळकन जाते.

सांगलीत कृष्णा चढली की जो तो आयर्विन पुलाची पातळी विचारतो. इथे नदी फुगली की पाणी रस्त्यांच्याही वर उभं राहतं आणि शहर खाली! म्हणून पूरभिंतींत लोखंडी दरवाजे आहेत. वेळ आली की ते लावून घेतात. अल्जियर्सच्या वळणावर तर पात्र सुमारे २०० फूट खोल. समुद्र शंभरेक मैल लांब, तरी सागरी जहाजं थेट शहराच्या कुशीत येतात.

या जहाजांची आणि रेल्वेची गाठ घालून देते ती ही छोटेखानी न्यू ऑर्लिन्स पब्लिक बेल्ट रेल्वे. धक्क्यांवरच्या रुळांसाठी खासगी कंपन्यांची चढाओढ चालायची, तेव्हा शहरानं १९०४ मध्ये ठराव करून स्वतःचीच रेल्वे काढली. १९०८ मध्ये ती धावू लागली. मोठ्या कंपनीची गाडी आली की बेल्टचं इंजिन वाघिणी सोडवतं, जुळवतं आणि ज्या त्या धक्क्यावर नेऊन लावतं. मुंबईत पोर्ट ट्रस्टची रेल्वे १९१५ मध्ये सुरू झाली, तिला जी.आय.पी. आणि बी.बी.सी.आय. या दोन रेल्वे कंपन्यांशी जुळवून घ्यावं लागे. इथे एकदम सहा, आणि सहाही अमेरिकेतल्या पहिल्या श्रेणीच्या!

मग पाहिला ह्यूई लाँग पूल, आणि मान अवघडली. मालकी याच चिमुकल्या रेल्वेची! पूर्वी गाड्या तराफ्यांवरून नदी ओलांडत. डिसेंबर १९३५ मध्ये पूल खुला झाला. खालून जहाजं जायची म्हणून उंची हवी आणि जड मालगाडीला चढ सौम्य हवा, म्हणून रेल्वेचा पूल लांबत लांबत सात किलोमीटरांवर गेलाय. खंडाळ्याला चढण डोंगरानं दिली. इथे सपाट दलदलीवर माणसांनी पोलादाचा घाट बांधलाय! वर डबे मुंगीच्या पावलांनी चढताहेत, खाली जहाज बिनधास्त सरकतंय.

२०१८ मध्ये ही रेल्वे शहराकडून बंदराकडे गेली, तरी राहिली सार्वजनिकच. बलाढ्य कंपन्या देशभर हजारो मैल धावोत. धक्क्यापर्यंतचे शेवटचे चार मैल कुणा एकीचे नसावेत, हे या शहरानं सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं. न्यू ऑर्लिन्सला जाल तेव्हा जॅझ ऐकाच, पण बांधावर मालगाडी आडवी आली तर वैतागू नका. शहराचं पोट तिच्यावर आहे.