फुकटचे सरपण कोणाच्या घामाचे?

गेल्या फेब्रुवारीत कापूस वेचणी संपली, मजुरी थांबली आणि त्याच आठवड्यात आमचा गॅस संपला. सबसिडी खात्यात येते, पण नंतर. सिलिंडर दारात येतो तेव्हा सुमारे नऊशे रुपये रोख मोजावेच लागतात. बाबा म्हणाले, "चूल हाये ना. वावरात पऱ्हाटी पडली हाये. गॅस कायले?" आम्ही दोघा भावांनीही मान डोलावली. आज कबूल करतो, आम्हाला ते पटले कारण मोळी आमच्या डोक्यावर येणार नव्हती.

आई आणि वहिनी ज्या शेतात गेल्या, तिथल्या मालकाची अट ठरलेली होती. शेत साफ करून द्या आणि पऱ्हाटी घेऊन जा. दोघींनी तीन दिवस चिमट्याने पऱ्हाटी उपटली. अंगणात ढीग लागला. बाबा खूश होऊन म्हणाले, "दोन महिन्यांचं सरपण फुकट झालं." आई तिथेच थांबली. म्हणाली, "फुकट कायचं? माहे हात फुकटचे हायेत का?"

मग आम्ही हिशेब मांडला. बाईची मजुरी अडीचशे. दोघींचे तीन दिवस म्हणजे पंधराशे रुपये. तेवढ्याच दिवसांचे दोन सिलिंडर, सबसिडी वजा जाता, बाराशे. म्हणजे फुकटची चूल गॅसपेक्षा तीनशेने महाग पडली. "पण तेव्हा काम होतं कुठं?" असे बाबांनी विचारले. काम होते. तेच काम होते. फक्त त्याची मजुरी रोखीऐवजी काड्यांत मिळाली. वर मालकाने वहिनीला बजावले, "पुढच्या हंगामात निंदायला आधी माझ्याकडे यायचं." सरपणासोबत हे बंधनही घरात आले.

मित्रांनो, हा व्यवहार ओळखीचा वाटत नाही का? गावासाठी लाकडे फोडणे, मोळ्या वाहणे ही महारकीची कामे होती. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला आणि १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने गेली. पण ज्याच्याकडे जमीन नाही, त्याची चूल आजही दुसऱ्याच्या बांधावर अवलंबून आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, त्यांचा प्रश्न आमच्या अंगणात ढीग होऊन पडला होता.

काही जण म्हणतात, चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला नाही. हायवेवर 'चुलीवरचे मटण' अशा पाट्या लागल्या आहेत. तिथे गाडीतून उतरून जेवणाऱ्याला फुंकणी हातात घ्यावी लागत नाही. पऱ्हाटी हलकी असते, भुरकन जळते. स्वयंपाक होईपर्यंत चुलीपुढून हलता येत नाही, सारखी काडी सारावी लागते. त्या दोन महिन्यांत वहिनीचा खोकला थांबला नाही. चुलीच्या धुराने फुप्फुसांचे जुनाट आजार होतात, मोतीबिंदूचा धोका वाढतो, लहान मुलांना न्यूमोनिया होतो, हे वैद्यकशास्त्र सांगते. चव सगळ्या घराची आणि धूर एकटीचा, ही कसली परंपरा?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. बाईच्या नावावर जोडणी आली, हे चांगलेच झाले. पण जोडणी म्हणजे गॅस नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शंभरातली सुमारे ४३ घरेच स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती. बाकीच्या घरांतल्या बायांना चुलीची आवड आहे असे समजायचे का? रोजंदारीवाल्याकडे नऊशे रुपये एकरकमी नसतात, ही साधी गोष्ट आहे. सबसिडी सिलिंडर घेतानाच वजा करा. पाच किलोचा लहान सिलिंडर गावात सहज मिळू द्या. ही भीक नाही, ही मागणी आहे.

आमच्या घरापुरता निर्णय असा झाला. स्वयंपाक गॅसवरच होईल. दर आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरीतले शंभर रुपये डब्यात पडतील आणि डबा आईच्या ताब्यात राहील. अंघोळीचे पाणी अंगणातल्या चुलीवर तापेल, पण त्याचे सरपण पुरुष आणतील आणि फुकट राबून आणणार नाहीत.

पहिल्या रविवारी आम्ही मोळी आणली. अर्ध्या वाटेत दोनदा खाली ठेवली. आई दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. त्या दिवसानंतर आमच्या घरात सरपणाला कोणी फुकट म्हटलेले नाही.

जय भीम!